गाव मोजायला आलेले सर

सध्या कॉलेजांमध्ये 'सीईपी'ची धावपळ चालू आहे. सीईपी म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट. नवीन शैक्षणिक धोरण राज्यात लागू झालं, तेव्हापासून पदवीच्या मुलांना हे करावं लागतं. त्याला क्रेडिट आहेत, आणि प्रत्येक सर-मॅडमच्या नावावर मुलांची एक बॅच टाकलेली असते. मग एक दिवस ठरतो, जवळचं गाव ठरतं, मुलं मोबाइलवर गुगल फॉर्म उघडून दारोदार फिरतात. घरात शौचालय आहे का, गॅस आहे का, शेती किती, कर्ज किती. दुपारी झेडपीच्या शाळेत जेवण, बॅनर धरून फोटो, संध्याकाळी परत. महिन्याभरात स्पायरल बाइंडिंगचा अहवाल तयार.

मुलांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. सरांनाही नाही. आमच्या भागातल्या एका सीनिअर कॉलेजातले सर मला म्हणाले, "अहो, मी पीएचडी केली ती लायब्ररीत बसून. गावात जाऊन संशोधन कसं करायचं, लोकांना काय विचारायचं, हे मला आयुष्यात कुणी शिकवलेलं नाही. आता साठ पोरांना शिकवा म्हणतात." हा माणूस खरं बोलत होता.

तर प्रश्न असा आहे की गरिबाच्या उपयोगाचं संशोधन प्राध्यापकाला शिकवायचं कुणी? आणि हा प्रश्न नवा आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही जुनी गोष्ट सांगतो. आपल्या महाराष्ट्रात ती शंभर वर्षांहून जुनी आहे. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात एका अशा माणसापासून करावी लागते जो प्राध्यापक नव्हताच. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. त्यातला एक मुद्दा आजही अंगावर येतो. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि त्या पैशातून उच्च शिक्षण मात्र वरच्या वर्गांना मिळतं, मग त्या शिकलेल्यांनी खालच्यांसाठी केलं काय? पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. शेतकऱ्याचं घर कसं असतं, तो काय खातो, कर्जात कसा अडकतो, कचेरीत त्याला कोण कसं नाडतं, याचं इतकं बारीक वर्णन त्या काळातल्या एकाही विद्वानाने केलेलं नव्हतं.

पण मला त्या पुस्तकापेक्षा त्याच्या आधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हे लिखाण फुल्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवलं होतं. बडोद्याला सयाजीराव महाराजांनाही ऐकवलं. म्हणजे ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या कानावर ते आधी घातलं, आणि ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्याही. आज विद्यापीठांच्या मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये 'निष्कर्ष समुदायाकडे परत नेणे' असं एक कलम असतं. ते कलम जोतीरावांनी त्या काळात पाळलं होतं, तेही कुठलं ट्रेनिंग न घेता.

आता खरे प्राध्यापक. हॅरल्ड मान नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ आधी चहामळ्यांच्या संशोधनात होते. १९०७ मध्ये ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य म्हणून आले. साहेबाने प्रयोगशाळेत बसून माती तपासली असती तरी त्याला कुणी बोललं नसतं. पण मान यांनी कॉलेजमधले सहकारी, सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हाणे वगैरे, बरोबर घेतले आणि पुण्याजवळचं एक गाव निवडलं, पिंपळे सौदागर. (हो, तेच. आज जिथे वन बीएचकेसुद्धा आपल्याला परवडत नाही.) जमीन, विहिरी, पिकं, कर्ज, घराघराचं उत्पन्न आणि खर्च, सगळं मांडून १९१७ मध्ये पुस्तक आलं, 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज'.

त्यातला एक आकडा पुढे देशभरातल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत गेला. या गावात १७७१ च्या सुमारास सरासरी खातं ४० एकरांचं होतं. १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आलं होतं. शेतकरी आळशी आहे, लग्नकार्यात पैसे उडवतो म्हणून कर्जबाजारी आहे, असं साहेबलोक आणि आपले शिकलेले लोकही तेव्हा सर्रास म्हणायचे. मान यांच्या हिशेबातून दिसलं की गावातल्या बहुतेक खात्यांवर, सगळं नीट पिकलं तरी, कुटुंब जगूच शकत नाही. लगेच १९१८ मध्ये तरुण डॉ. आंबेडकरांनी लहान धारण क्षेत्रांवर निबंध लिहिला आणि वाद आणखी पुढे नेला. नुसते तुकडे एकत्र करून भागणार नाही, शेतीवर अवलंबून असलेली माणसंच जास्त आहेत, त्यांना उद्योगात काम मिळालं पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे नीट मोजलेल्या एकेका गावामुळे वादाची पातळी किती वर गेली बघा.

मान आणि कानिटकरांनी नंतर जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा असाच अभ्यास केला, तो १९२१ मध्ये छापला. हे सहकारी कुठल्या कार्यशाळेत शिकले? कुठल्याच नाही. प्राचार्य स्वतः गावात येतोय आणि आपण त्याच्याबरोबर वही घेऊन फिरतोय, हेच त्यांचं शिक्षण. हाताखाली शिकणं. गवंडी शिकतो तसं.

एक गोष्ट मात्र राहिली. पुस्तक इंग्रजीत, ऑक्सफर्डच्या छापखान्याचं. पिंपळे सौदागरच्या शेतकऱ्याला आपल्याबद्दल काय लिहिलंय हे कळायचा मार्ग नव्हता. फुल्यांनी जे केलं होतं ते विद्यापीठी संशोधनाने सोडून दिलं, आणि तिथून पुढे जवळजवळ साठ वर्षं ते कुणाला फारसं खटकलंही नाही.

१९३० मध्ये पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट निघालं. धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी, अशी कामं तिथे झाली. घरोघर जाऊन माहिती कशी घ्यायची, ती कशी तपासायची, याची एक शिस्त या संस्थेने घालून दिली. पुढे १९५४ मध्ये ग्रामीण पतपाहणीचा अखिल भारतीय अहवाल आला, त्या समितीत गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी सोसायट्यांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास, हे त्यात आकड्यांनी दाखवलं गेलं. सोसायटी, जिल्हा बँक, विकास संस्था हे जे जाळं आपण आज बघतो, त्याला बळ मिळालं ते या अहवालामुळे.

आणि गाडगीळ नुसते अहवाल लिहून थांबले नाहीत. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर उभे राहिले, कारखान्याचे अध्यक्ष झाले. १९५० मध्ये कारखाना सुरू झाला. अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि कमी शिकलेला शेतकरी यांची ही जोडी आपल्याकडे फार कौतुकाने सांगितली जाते, सांगायलाच हवी. पण थोडं कडू बोलतो. कारखान्याचा सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला जमीन आणि पाणी लागतं. ज्याच्याकडे कोयत्याशिवाय काही नाही, तो त्या सहकारात सभासद म्हणून आला नाही, मजूर म्हणून आला. तेव्हा संशोधन 'समाजाच्या उपयोगाचं' असलं तरी समाजातल्या कुणाच्या, हे विचारावंच लागतं. या मुद्द्यावर पुढे परत येतो.

मुंबईत त्याच काळात वेगळी गोष्ट घडत होती. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाड्यात, कामगार वस्तीत, नेबरहुड हाउस काढलं. त्याच माणसाच्या पुढाकाराने १९३६ मध्ये जे स्कूल निघालं ते म्हणजे आजचं टीआयएसएस. तिथे वस्तीत जाऊन काम करणं हा शिक्षणाचाच भाग धरला गेला. विद्यार्थी जाणार, त्याच्या कामावर देखरेख करणारा अध्यापक असणार, आणि दोघं नियमित बसून त्यावर बोलणार. डॉक्टरकीत जसं पेशंटशिवाय शिक्षण नाही तसं. समाजकार्याच्या कॉलेजांमध्ये ही पद्धत टिकली. बाकीच्या कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजांत ती कधी पोचलीच नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने प्रयत्न केले नाहीत असं नाही. १९६९ मध्ये एनएसएस सुरू झाली, ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी घेऊन. बहात्तरच्या दुष्काळात पोरांनी बंधाऱ्यांवर, रस्त्यांवर काम केलं, तुमच्यापैकी ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. १९७७ मध्ये यूजीसीने धोरण म्हणून मान्य केलं की शिकवणं आणि संशोधन यांच्या बरोबरीने 'विस्तारकार्य' हे विद्यापीठाचं तिसरं काम आहे. कागदावर तिन्ही सारखे. प्रत्यक्षात काय झालं? एनएसएसच्या सरांकडे श्रमदान गेलं, विस्ताराच्या विभागाकडे साक्षरता गेली आणि संशोधन वेगळ्या बिल्डिंगमध्ये, वेगळ्या लोकांकडे राहिलं. खड्डे खणणाऱ्याने प्रश्न विचारायचे नाहीत आणि प्रश्न विचारणाऱ्याने गावात जायचं नाही, अशी वाटणी झाली.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. प्राध्यापक मंडळींना ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे शब्द पाठ आहेत, कारण त्याशिवाय पुढची ग्रेड मिळत नाही. नंतर त्यांचं नाव एचआरडीसी झालं, २०२३ पासून मालवीय मिशन. नावं बदलली. पण मी ज्या ज्या सरांना विचारलं की तीन-चार आठवड्यांच्या त्या कोर्समध्ये तुम्हाला कुणी एखाद्या वस्तीत नेऊन दिवसभर बसवलं का, त्या सगळ्यांचं उत्तर हसूनच आलं. व्याख्यानं, पीपीटी, एक सहल. प्रश्नावली कशी बनवायची आणि संगणकावर टक्केवारी कशी काढायची हे शिकवलं म्हणे. प्रश्न कुणाचा, हे नाही.

आता जगाकडे एक नजर टाकावी लागते, कारण 'प्रश्न कुणाचा' हा मुद्दा विद्यापीठात आला तो लंडन-पॅरिसमधून नाही, टांझानियातून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दार-ए-सलामच्या विद्यापीठात मार्या-लिसा स्वांत्झ नावाच्या फिनिश बाई विद्यार्थ्यांना खेड्यात पाठवत होत्या, आणि गावकऱ्यांना अभ्यासाचा विषय न मानता अभ्यासातले सोबती मानत होत्या. बड हॉल तिथेच प्रौढ शिक्षणाच्या संस्थेत होते. 'सहभागी संशोधन' हा शब्द तिथून फिरायला लागला. कोलंबियात ऑर्लांदो फाल्स बोर्दा विद्यापीठाबाहेर पडून शेतकऱ्यांबरोबर काम करत होते, १९७७ मध्ये कार्ताहेनाला त्यावर मोठी परिषद झाली.

त्याच वेळी आपल्या पालघरमध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, काळुराम धोदडे यांच्या भूमिसेनेचे आदिवासी वेठबिगारीविरुद्ध आणि जमिनीसाठी लढत होते. त्यांच्यावर १९७९ मध्ये एक अभ्यास छापून आला. लिहिणारे चौघे: जी. व्ही. एस. डिसिल्व्हा, निरंजन मेहता, अनिसुर रहमान, पोन्ना विग्नराजा. श्रीलंका, भारत, बांगलादेश इथले अर्थतज्ज्ञ. पालघरच्या पाड्यांवरचे आदिवासी आपली परिस्थिती स्वतः तपासतात, शिबिरात बसून ठरवतात, हेच मुळात संशोधन आहे, असं या लोकांनी जगाला सांगितलं. आज जगभरच्या सहभागी संशोधनाच्या अभ्यासात भूमिसेनेचं नाव येतं. आपल्या किती एम.ए.च्या मुलांना ते माहीत आहे? मला स्वतःला पत्रकारितेच्या डिप्लोमात कुणी सांगितलेलं नव्हतं, ते बातमीच्या निमित्ताने पालघरच्या कार्यकर्त्यांकडून कळलं.

आणि आता गडचिरोली. इथे जरा थांबू, कारण 'प्रशिक्षण' म्हणजे काय हे इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

अभय बंग तरुणपणी वर्धा जिल्ह्यात काम करत होते. राज्य सरकारच्या पागे समितीने शेतमजुराचं किमान वेतन दिवसाला ४ रुपये सुचवलं होतं. मजूर संघटना मोर्चे काढत होत्या. बंग यांनी समितीचा अहवाल घेतला आणि मजुराच्या पोटाचा हिशेब नव्याने मांडला. काम करणाऱ्या शरीराला किती उष्मांक लागतात, घरात तोंडं किती. त्यांच्या हिशेबाने वेतन १२ रुपये यायला हवं होतं. अहवालातल्या चुका उघड झाल्या आणि पुढे सरकारला दर वाढवावे लागले. कुठल्याही मोर्च्याइतकंच काम त्या आकडेमोडीने केलं.

पण संशोधन पद्धतशीर शिकायला पाहिजे, हे या जोडप्याला कळलं होतं. अभय आणि राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले, सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं, आणि तिथे न थांबता १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. इतकं सगळं शिकून आल्यावर पहिल्या अभ्यासात काय झालं? आदिवासींमध्ये सिकलसेलचं प्रमाण शोधलं, शास्त्रीयदृष्ट्या चांगलं काम. लोकांना मात्र त्याचं फारसं काही वाटलं नाही. हा प्रश्न आम्ही कुठे तुम्हाला सांगितला होता, असा सूर. बंग यांनी स्वतः ही गोष्ट व्याख्यानांतून अनेकदा सांगितली आहे. हॉपकिन्समध्ये जे शिकायला मिळालं नाही ते गडचिरोलीच्या लोकांनी शिकवलं: आधी विचार.

मग विचारलं. बायकांच्या बोलण्यातून अंगावरचं जाणं, पाळीचे त्रास पुढे आले. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. तोपर्यंत जगाच्या दृष्टीने खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढंच होतं. त्यानंतर बाळांचा अभ्यास. ३९ गावांत गावच्याच थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी, वजन, जंतुसंसर्गाची लक्षणं, औषध देणं शिकवलं. १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला की नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. आज तुमच्या घरी बाळ झाल्यावर आशाताई ठरलेल्या दिवशी येऊन वजन-तापमान बघते ना, ती २०११ पासून देशभर लागू झालेली पद्धत या गावांतून आली आहे.

इथे प्राध्यापक मित्र म्हणतील, ते बंग होते, आमची नोकरी आहे, लेक्चर आहेत, नॅकची फाइल आहे. बरोबर आहे. म्हणून संस्थेच्या पातळीवरचे प्रयत्न बघू.

दिल्लीत राजेश टंडन यांनी १९८२ मध्ये 'प्रिया' ही संस्था काढली. शिकलेले इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापन, पण राजस्थानात आदिवासींबरोबर काम करताना आपल्या शिक्षणाच्या मर्यादा कळल्या. २०१२ मध्ये टंडन आणि वर उल्लेख आलेले बड हॉल यांनी मिळून युनेस्कोचं एक अध्यासन सुरू केलं, तेच मुळात विद्यापीठं आणि लोक यांनी मिळून करायच्या संशोधनावर आहे. 'नॉलेज फॉर चेंज' नावाने त्यांनी वेगवेगळ्या देशांत केंद्रं उभी केली. त्यात विद्यापीठातले अध्यापक आणि संस्थांचे कार्यकर्ते यांना एकत्र शिकवतात, काही महिने, थोडं ऑनलाइन, थोडं प्रत्यक्ष गावात. मला यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्राध्यापक आणि कार्यकर्ता एका बाकावर बसतात. आपल्याकडे प्राध्यापक स्टेजवर असतो आणि कार्यकर्ता आभार मानायला.

आपल्या राज्यात आयआयटी मुंबईचं काम बघा. तिथे १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचं 'सितारा' नावाचं केंद्र आहे. कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक मिलिंद सोहोनी तिकडे वळले आणि कर्जत, मोखाडा भागात विद्यार्थ्यांना घेऊन पिण्याच्या पाण्याच्या योजना तपासू लागले. योजना कागदावर पूर्ण आहे आणि नळ कोरडा आहे, असं का? पाइपचा हिशेब चुकला, की विजेचं बिल थकलं, की वरच्या गावाने पाणी ओढलं? हे प्रश्न आमच्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि बातमी करताना आम्ही 'ग्रामस्थांत संताप' एवढंच लिहून मोकळे होतो. २०१६ मध्ये राज्य सरकारने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' सुरू केलं. त्यात कल्पना अशी होती की जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी जिल्ह्याचेच प्रश्न अभ्यासायचे, जिल्हा प्रशासनाने त्यांना काम आणि पैसा द्यायचा, आणि आयआयटीने त्या अध्यापकांना शिकवायचं. मी याला गेल्या काही वर्षांतली सगळ्यात चांगली सरकारी कल्पना म्हणेन. पण ती टिकते की नाही, हे कलेक्टरवर अवलंबून असतं. इच्छा असलेला कलेक्टर आला की काम चालतं, त्याची बदली झाली की फाइल थंड.

केंद्राचं 'उन्नत भारत अभियान' २०१४ चं. त्यात कॉलेजने निदान पाच गावं दत्तक घ्यायची. हा 'दत्तक' शब्द मला पहिल्यापासून खटकतो. गाव काय अनाथ आहे? ज्या गावाला ग्रामसभा आहे, त्याला कॉलेज दत्तक कसं घेईल?

आता खरी अडचण. यूजीसीने २०१० मध्ये बढतीसाठी एपीआयचे गुण आणले. पेपर छापा, गुण मिळवा. मग छापणारी दुकानं निघाली. पैसे भरा, आठवड्यात पेपर हजर. यूजीसीच्याच मान्यताप्राप्त यादीतल्या नियतकालिकांचा अभ्यास पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केला. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त निकषाला उतरली नाहीत. २०१८ मध्ये यूजीसीला एका झटक्यात ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढावी लागली. विचार करा, या व्यवस्थेत एखाद्या मॅडमने दोन वर्षं पारधी वस्तीवर जाऊन जातीच्या दाखल्यांचा प्रश्न अभ्यासला, मराठीत अहवाल करून तहसीलदाराला दिला आणि चाळीस मुलांना दाखले मिळाले, तर तिला गुण किती? आणि दुसऱ्याने त्याच वेळात सहा पेपर विकत छापले तर त्याला किती? प्रशिक्षण द्यायचं ते या गणितासकट द्यावं लागेल, नाहीतर शिकलेलं सगळं कपाटात जाईल.

आणि दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. मघाशी सहकाराचं बोललो होतो, तिथे परत येतो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण सहा बायकांमागे एक. हा प्रश्न राज्यापुढे आला तो पत्रकारांमुळे आणि महिला संघटनांमुळे. मराठवाड्यात कॉलेजांची कमी नाही. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, गृहविज्ञानाचे विभाग आहेत. त्यांच्या वर्गात त्याच बायकांच्या मुली बसलेल्या असतात. दिवाळीनंतर वर्ग का रिकामा होतो हे प्रत्येक सरांना माहीत असतं. तरी विषय विद्यापीठातून आला नाही.

का, हे ज्याला तालुक्याचं राजकारण कळतं त्याला सांगायला नको. बऱ्याच ठिकाणी शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आणि कारखान्याचे चेअरमन एकाच घरातले असतात, कधीकधी एकच असतात. तिथल्या सीएचबीवरच्या सरांनी तोडणी मजुरांच्या उचलीवर संशोधन करावं अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याच्या घरच्या चुलीत पाणी ओतणं आहे. वर्षानुवर्षं भरती नाही, तासिका तत्त्वावर माणूस राबतोय, पुढच्या वर्षी ऑर्डर मिळेल का माहीत नाही. गरिबावर संशोधन करायला निघालेला हा प्राध्यापकच महिन्याच्या किराण्याच्या उधारीवर आहे. म्हणून एकेकट्या कॉलेजवर हे टाकून चालणार नाही. विद्यापीठाने चार-पाच कॉलेजांचा गट करून एका प्रश्नावर काम दिलं, अहवालावर विद्यापीठाचं नाव आलं, तर एकट्या माणसाच्या मानेवर सुरी येत नाही.

मी तालुक्याला वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. एका वस्तीवर पाण्याच्या बातमीसाठी गेलो होतो तेव्हा एक आजी म्हणाल्या, "लिहून न्यायला लई येत्यात. मागल्या सालीबी पोरापोरींनी लिहून नेलं, त्याच्या मागल्या सालीबी. आमचं गठुडं हाय कुटं आता?" त्यांचा शब्द अगदी नेमका होता. गठुडं. ते कुठल्या तरी कॉलेजच्या कपाटात आहे, नॅकची टीम आली की बाहेर निघतं.

यूजीसीच्या समुदाय सहभागाच्या आराखड्यात दोन क्रेडिटचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सांगितला आहे आणि त्यातला निम्मा वेळ तरी प्रत्यक्ष लोकांमध्ये असावा असंही म्हटलंय. वाईट नाही. पण ३० तास विद्यार्थ्याचे झाले. सरांचे किती? माझ्या मते पहिल्यांदा प्राध्यापकालाच आठ दिवस एका गावात राहायला पाठवा, प्रश्नावली न देता. रोजगार हमीच्या कामावर जाऊ दे, रेशन दुकानाच्या रांगेत उभं राहू दे, तलाठ्याकडे उताऱ्यासाठी हेलपाटे घालू दे. बरोबर एखादी अनुभवी आशाताई किंवा जुना कार्यकर्ता शिकवायला द्या, आणि त्यांना मानधन द्या, तेही पाहुण्या वक्त्याच्या दराने. मग विषय गावाबरोबर बसून ठरवा. शेवटी अहवाल मराठीत, चार पानांत, ग्रामसभेत वाचून दाखवा. वाचताना लोक उठून म्हणतील, सर, हे चुकलंय. ती चूक दुरुस्त केल्याशिवाय क्रेडिट देऊ नका.

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, ग्रामसभा वर्षातून एवढ्यांदा तरी होतातच. एका विषयाला वीस मिनिटं लागतील.

मी सध्या एक यादी करतोय. आपल्या आणि शेजारच्या तालुक्यांत गेल्या दहा वर्षांत कॉलेजने किंवा विद्यापीठाने पाहणी केली आणि तिचा अहवाल गावाला परत मिळाला, अशी गावं किती? तुमच्या गावात असं झालं असेल तर गावाचं नाव, वर्ष आणि विषय खाली लिहा. सरपंच, ग्रामसेवक, आशाताई, कुणीही लिहा. प्राध्यापक मंडळींनीही लिहा, नाव द्यायची भीती असेल तर मेसेज करा, नाव कुठे येणार नाही. आत्तापर्यंत यादीत तीन गावं आहेत, त्यातल्या दोन ठिकाणी अहवाल माझ्या हातात आहे. एका अहवालामुळे वस्तीची बंद पडलेली हातपंपाची दुरुस्ती झाली, ती गोष्ट पुढच्या पोस्टमध्ये सविस्तर लिहितो.